पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र आवडीने कसे शिकावे

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र घेणारे बरेच विद्यार्थी, हा विषय आपल्या ओळखीचा आहे, अशा समजुतीने वर्गात येऊन बसतात. मोल, आवर्तसारणी, रासायनिक समतोल, कार्बनी संयुगे हे सारे अकरावी-बारावीत एकदा होऊन गेलेले असते. सीईटी किंवा नीटच्या तयारीत त्यावरचे असंख्य बहुपर्यायी प्रश्नही सोडवून झालेले असतात. मग तेच धडे पुन्हा समोर आले की कंटाळा येतो आणि वर्षभराचा अभ्यास शेवटच्या तीन आठवड्यांवर ढकलला जातो. माझ्या मते या कंटाळ्याचे कारण विषयाच्या अवघडपणात फारसे नाही. चार पर्यायांतून उत्तर निवडायच्या घाईत, ते उत्तर मुळात कोणी आणि कशाच्या आधारे शोधले, हे पाहायला त्या दोन वर्षांत सवडच मिळालेली नसते. पदवीचे पहिले वर्ष ही सवड देते, आणि तिचा उपयोग कसा करावा हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्यासाठी एकच सवय लावून घ्यावी लागते. पुस्तकातील प्रत्येक महत्त्वाच्या विधानाशी थांबून ‘हे कशावरून?’ असे विचारायचे. रसायनशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक विधानामागे कोणीतरी, कधीतरी, हाताने केलेले मोजमाप असते, आणि त्यांपैकी पुष्कळ मोजमापे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा घरच्या ओट्यावरही करून पाहता येतात. वहीच्या उजव्या पानावर नेहमीप्रमाणे टिपणे काढा आणि डावे पान या एका प्रश्नासाठी कोरे ठेवा. सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच दिवशी मिळणार नाहीत. पण कोणत्या विधानाचा पुरावा आपल्याला ठाऊक आहे आणि कोणते आपण नुसतेच मान्य केले आहे, हे त्या पानावर दिसत राहते.

अणुरचनेपासून सुरुवात

बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमाच्या आरंभी अणुरचना असते आणि पहिल्याच आठवड्यात क्वांटम अंक, ऑर्बिटलांचे (अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेल्या जागांचे) आकार आणि श्रोडिंगरचे समीकरण अंगावर येते. इथे घाबरून पाठांतराकडे वळण्याआधी हायड्रोजनच्या वर्णपटापाशी थोडे थांबावे. विद्युत्प्रवाहाने पेटवलेल्या हायड्रोजनच्या नळीतील प्रकाश लोलकातून नेला, तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा मिळत नाही; ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटर या तरंगलांब्यांच्या वेगवेगळ्या रेषा दिसतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये या चार आकड्यांना बांधणारे एक सूत्र शोधून काढले. त्यांच्यापुढे अणूचे कोणतेही चित्र नव्हते, इलेक्ट्रॉनचा शोधही अजून लागायचा होता. त्या सूत्रामागचे कारण नील्स बोर यांनी १९१३ मध्ये दिले, म्हणजे मधे अठ्ठावीस वर्षे गेली.

हे सूत्र स्वतः वापरून पाहा. रिडबर्ग स्थिरांक दर मीटरला सुमारे १.०९७ कोटी आहे. त्याला १/४ वजा १/९, म्हणजे ५/३६ ने गुणले की १५ लाख २४ हजारांच्या आसपासची संख्या येते. तिचा व्यस्त घेतला की सुमारे ६५६ नॅनोमीटर मिळतात आणि तीच ती लाल रेषा असते. ९ च्या जागी १६, २५ आणि ३६ घालून उरलेल्या तीन रेषा काढा. या गणिताला दहा मिनिटे लागतात, पण त्यानंतर ‘इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या ठरावीकच असतात’ हे वाक्य कोणाच्या सांगण्यावरून मानायची गरज उरत नाही.

याच मार्गाने हेलियम हे मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडले आणि पृथ्वीवर नंतर. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी ते गुंटूर येथून पाहिले. त्या दिवशी निरीक्षकांना सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाही, तिचे निरीक्षण केले. सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्याचे नावही या ग्रहणाशी जोडले जाते, त्यामुळे आपल्याकडे ही कथा अनेकांनी ऐकलेली असते. मात्र ती सांगताना तिच्यातील रसायनशास्त्र बहुधा गळून पडते. सोडियमच्या पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला येतात आणि ही नवी रेषा ५८७.५ च्या जवळ होती. जेमतेम दीड नॅनोमीटरचा हा फरक काटेकोरपणे मोजता आला, म्हणून हे सोडियम नव्हे असे म्हणता आले. पुढे १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा मिळाली आणि हेलियम पृथ्वीवरही असल्याचे सिद्ध झाले. ज्वाला परीक्षेच्या प्रॅक्टिकलला सोडियमची पिवळी, बेरियमची पोपटी आणि स्ट्रॉन्शियमची गडद लाल ज्योत पाहाल, तेव्हा आपण हेच साधन ओबडधोबड रूपात हाताळत आहोत हे ध्यानात ठेवा.

ऑर्बिटलांच्या आकारांसाठी कागदावरील चित्रे अपुरी पडतात. कोलोराडो विद्यापीठाचे फेट नावाचे संकेतस्थळ प्रयोगांची हलती चित्रे विनामूल्य उपलब्ध करून देते, आणि त्यांपैकी काहींचे मराठी रूपांतरही झालेले आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना ते विशेष उपयोगी पडेल. त्यांनी पहिले सहा महिने प्रत्येक संज्ञा मराठी आणि इंग्रजी अशी शेजारी-शेजारी लिहावी, आणि एखादी संकल्पना इंग्रजीतून वाचून पकडीत येत नसेल, तर मराठी विश्वकोशातील तिची नोंद आधी वाचावी. यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काहीही नाही; आधी समजणे महत्त्वाचे, परीक्षेची भाषा सरावाने येते.

मोल हाताला लागला पाहिजे

रसायनशास्त्र नावडते होण्याची सुरुवात पुष्कळदा मोलपासून, म्हणजे कणांची एक ठरावीक प्रचंड संख्या मोजायच्या एककापासून, होते, म्हणून इथे मुद्दाम वेळ घालवा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर ५८.५ ग्रॅम मीठ आणि ३४२ ग्रॅम साखर मोजून घ्या आणि त्यांच्या शेजारी एका पेल्यात १८ मिलिलिटर पाणी ठेवा. पाणी जेमतेम साडेतीन लहान चमचे भरते, तर साखरेला मोठी वाटी लागते. या तिन्ही ढिगांत प्रत्येकी एक मोल पदार्थ आहे: पाण्याचे जितके रेणू, तितकेच साखरेचे रेणू आणि तितक्याच मिठाच्या सोडियम-क्लोराइड जोड्या. साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूच्या एकोणीसपट जड आहे, हे त्या दोन ढिगांकडे पाहिले की सूत्राशिवाय कळते. हे मीठ आणि साखर नंतर डब्यात परत टाकता येते, त्यामुळे हा प्रयोग करायला घरच्यांची हरकत असण्याचे कारण नाही.

आता प्रश्न असा, की एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात, हे कशावरून? याचे एक सुंदर उत्तर तेलाच्या थेंबात आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतले, तेव्हा ते पसरत जाऊन सुमारे अर्ध्या एकरावरचे पाणी शांत झाले. हा वृत्तांत १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रँकलिन यांनी पुढचा भागाकार केला नाही, तो तुम्ही करा. चमचा ५ मिलिलिटरचा आणि अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर धरले, तर तेलाच्या थराची जाडी २.५ नॅनोमीटर येते. तेलातील स्निग्धाम्लाच्या एका रेणूची लांबी साधारण तेवढीच, दोन नॅनोमीटरच्या आसपास असते. म्हणजे तळ्यावर पसरलेला थर एका रेणूच्या उंचीचा होता. रेणूचे आकारमान एकदा हाती आले की एका मोल तेलाच्या आकारमानाला त्याने भागून कणांची संख्या निदान दहाच्या घातापर्यंत काढता येते. रेणूची रुंदी किती धरावी याबद्दल वर्गमित्रांशी वाद होईल. तो होऊ द्यावा, कारण असे अंदाज बांधताना कोणते गृहीतक धरावे हा खरा रसायनशास्त्रीय प्रश्न आहे.

अणू खरोखरच अस्तित्वात आहेत की ती केवळ हिशेबाची सोय आहे, असा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीही शास्त्रज्ञांमध्ये चालू होता. फ्रान्समधील झाँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजून, त्यांच्या हालचालींवरून ही संख्या वेगवेगळ्या पद्धतींनी काढली. सर्व उत्तरे एकमेकांजवळ आल्याने तो वाद मिटला, आणि या कार्यासाठी त्यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २० मे २०१९ पासून ही संख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात अशी व्याख्येनेच निश्चित झाली आहे. जुन्या पुस्तकांत १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंची संख्या ही आधीची व्याख्या अजून आढळते. दोन्ही व्याख्या वाचा आणि बदल का करावासा वाटला असेल, हे सरांना किंवा मॅडमना विचारा.

प्रॅक्टिकल हा विषयाचा गाभा

पुष्कळ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पूर्ण करून सही घेणे. मला हे फार मोठे नुकसान वाटते, कारण वर्गात तासन्‌तास ऐकून जे उमगत नाही ते ब्युरेटसमोर (द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या, खुणा केलेल्या नळीसमोर) पंधरा मिनिटांत उमगू शकते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे अनुमापन, म्हणजे एका द्रावणाला दुसरे किती लागते हे थेंबाथेंबाने मोजणे, पहिल्या वर्षी बहुतेक सर्वांना करावे लागते, त्याचेच उदाहरण घेऊ.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी उत्तराचा अंदाज काढून ठेवा. पिपेटने १० मिलिलिटर ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्ल घेतले, तर त्यात ०.०००५ मोल आम्ल असते. संतुलित समीकरणानुसार ५ मोल ऑक्झॅलिक आम्लाला २ मोल परमँगनेट लागते, म्हणजे इथे ०.०००२ मोल लागेल. ब्युरेटमधील द्रावण ०.०२ मोलरच्या आसपास असेल, तर साधारण १० मिलिलिटर खर्ची पडायला हवे. हा आकडा मनात धरून ब्युरेट सोडणाऱ्याचे लक्ष आपोआप खिळून राहते: रंग सहा मिलिलिटरलाच टिकला किंवा पंधरापर्यंत टिकलाच नाही, तर कुठेतरी गफलत आहे हे त्याला तत्क्षणी कळते आणि तो कारण शोधू लागतो.

मग प्रत्येक कृतीला ‘का’ विचारा. ब्युरेट त्यात भरायच्या द्रावणानेच खळबळून घ्यायची, पण कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, असे का? ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर द्रावण सौम्य होऊन वाचन चुकेल. फ्लास्कमध्ये मात्र पिपेटने किती मोल आम्ल टाकले एवढेच महत्त्वाचे आहे, आत आधीपासून थोडे पाणी असले तरी ती संख्या बदलत नाही. सल्फ्युरिक आम्लच का घालायचे? हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर परमँगनेट त्यातील क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करील, आणि नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. आम्ल कमी पडले तर काय होईल? मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा येईल. ब्युरेटचे वाचन इतर वेळी द्रावणाच्या वक्र पृष्ठाच्या खालच्या कडेला घेतात, इथे वरच्या कडेला का? कारण जांभळ्या द्रावणातून खालची कड दिसतच नाही. असे पाच-सहा प्रश्न स्वतःच सोडवले की तोंडी परीक्षेची निराळी तयारी करावी लागत नाही.

या अनुमापनातील सर्वांत सुंदर क्षण सुरुवातीलाच येतो आणि बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. द्रावण ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून परमँगनेटचा पहिला थेंब टाकला की त्याचा रंग लगेच जात नाही, काही सेकंद रेंगाळतो. दुसरा त्याहून लवकर जातो आणि पुढचे थेंब पडता-पडताच विरंगी होतात. द्रावण तेच, तापमानही तेच, मग वेग कशाने वाढला? अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयन त्याच अभिक्रियेचे उत्प्रेरक म्हणून काम करू लागतात. ही स्वयंउत्प्रेरणा पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. इथे ती डोळ्यांसमोर घडते. शक्य असल्यास पहिल्या पाच थेंबांचा रंग जायला लागलेला वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि जर्नलच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, जरी कोणी मागितला नसला तरी.

आणखी एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. पहिले वाचन ९.८ आले की पुढची दोनही ९.८ लिहून सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर वाचन) जुळवून टाकण्याची प्रथा जुनी आहे. तसे करू नका. ब्युरेटवरील सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो आणि एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे १० मिलिलिटरच्या वाचनात एका थेंबाने अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. एवढी तफावत उपकरणातच आहे. तुमची वाचने ९.८, ९.९ आणि ९.८ आली, तर ती तशीच लिहा. त्यांतील फरक हाच तुमच्या हाताच्या स्थिरतेचा दाखला आहे आणि महिन्याभरात तो कमी होत जाताना पाहणे फार समाधानाचे असते. जुळवलेल्या आकड्यांतून मात्र काहीच शिकायला मिळत नाही, आणि एकदा आकडे जुळवायची सवय लागली की प्रयोगातले कुतूहल संपते.

सुरक्षिततेचे नियम थोडक्यात सांगतो, पण ते पाळण्यात काटकसर करू नका. डोळ्यांवर चष्मा आणि अंगात सुती एप्रन असावा, पिपेट तोंडाने न ओढता बल्बने भरावी, सल्फ्युरिक आम्ल नेहमी पाण्यात हळूहळू घालावे, पाणी आम्लात कधीही घालू नये, आणि कोणताही पदार्थ चाखू नये. काही सांडले तर लपवू नका, प्रयोगशाळा सहायकांना लगेच सांगा. हे सहायक वर्षानुवर्षे तेच प्रयोग पाहत आलेले असतात. कोणते द्रावण कुठे फसते हे त्यांना नेमके ठाऊक असते, आणि आदराने विचारले तर ते मनापासून सांगतात.

आवर्तसारणीत अपवादांकडे पाहा

आवर्तसारणी पाठ करण्याच्या युक्त्या सर्वत्र मिळतात, पण तिच्याविषयी आवड निर्माण होते ती तिने केलेल्या भाकितांमुळे. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये सारणी मांडली आणि पुढे तिच्यातील काही रिकाम्या जागांवरच्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगून ठेवले. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. त्याची घनता पहिल्या मोजणीत ४.७ आली, पण मेंडेलीव्ह यांचे भाकीत ५.९ च्या आसपासचे होते. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावा असे त्यांनी कळवले, आणि नव्या मोजणीत ती ५.९ भरली. ज्याने तो धातू पाहिलाही नव्हता, त्याने तो हातात असलेल्याचे मोजमाप सुधारायला लावले.

सारणीतील कल शिकताना आयनन ऊर्जेचा, म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा, आलेख स्वतः काढा. दुसऱ्या आवर्तनात ती डावीकडून उजवीकडे वाढत जाते, पण दोन ठिकाणी खाली येते: बेरिलियमची ८९९ किलोज्यूल प्रति मोल, तर बोरॉनची ८०१, नायट्रोजनची १,४०२, तर ऑक्सिजनची १,३१४. नियम पाठ करणाऱ्याला हे अपवाद त्रासदायक वाटतात. कशावरून असे विचारणाऱ्याला मात्र तेच हवे असतात, कारण बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन वरच्या पी ऑर्बिटलमध्ये जातो आणि ऑक्सिजनमध्ये पी ऑर्बिटलातील एका इलेक्ट्रॉनला पहिल्यांदाच जोडीदार मिळतो, हे दोन्ही या आलेखातील खळग्यांतून वाचता येते. इलेक्ट्रॉन संरूपणाचा धडा आणि हा आलेख शेजारी ठेवून एकत्र वाचा.

ऊर्जा, समतोल आणि कार्बनी रसायन

उष्मागतिकीत चिन्हांचा गोंधळ फार होतो. त्यासाठी प्रयोगशाळेत परवानगी घेऊन बीकरमधील पाण्यात चमचाभर अमोनियम क्लोराइड विरघळवा आणि बीकर तळहातावर धरा. ते थंड पडते. उष्णता आत घेणारी क्रिया कोणी न ढकलता आपणहून घडत असेल, तर ऊर्जा कमी होणे हा क्रिया घडण्याचा एकमेव निकष असू शकत नाही; एन्ट्रॉपीचा (अव्यवस्थेच्या मापाचा) धडा या निरीक्षणानंतर वाचायला घ्यावा.

समतोलासाठी अमोनियाचे उदाहरण घ्या. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून कमी तापमानाला अमोनियाचे प्रमाण जास्त मिळते, पण तेव्हा अभिक्रिया इतकी मंद असते की उपयोग होत नाही. म्हणून लोहाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब अशी तडजोड करावी लागते. आपल्याकडे मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफच्या (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या) कारखान्यांत अमोनियापासून युरिया बनतो. शेतावर त्याची गोणी पाहिलेल्या विद्यार्थ्याला ल शातेलिए यांचे तत्त्व (समतोलावर बदल लादला की तो बदल कमी करण्याच्या दिशेने सरकतो) परके वाटण्याचे कारण नाही.

कार्बनी रसायनात अभिक्रियांची यादी पाठ करण्याऐवजी इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला, हे बाणांनी दाखवायचा रोज थोडा सराव करा; बाण नेहमी इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या जागेपासून सुरू होतो. त्रिमितीय रचनेसाठी मात्र कागद सोडून द्यावा. मळलेली कणीक आणि काड्यापेटीतील काड्या घेऊन, चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन आणि त्याची आरशातील प्रतिमा अशी दोन प्रारूपे बनवा आणि ती एकमेकांवर बसतात का पाहा. मग पुदिन्याची पाने चुरगळून वास घ्या आणि त्यानंतर थोडी बाळंतशेप चुरडून तिचाही घ्या. दोन्हींत कार्व्होन नावाचे संयुग असते, अणू तेच, जोडणी तीच. पुदिन्यातील रेणू बाळंतशेपेतील रेणूची आरशातील प्रतिमा आहे आणि आपले नाक हा फरक ओळखते. अशा दोन प्रतिमारूपांना वेगळे ओळखणारी आर आणि एस ही अक्षरे कुठे लावायची याचे नियम त्यानंतर शिकले तर ती अक्षरे कशासाठी आहेत हे आधीच ठाऊक असते.

रोजचा अभ्यास

गणिते सोडवताना उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण किती यावे हे समासात लिहा आणि प्रत्येक पायरीत एकके लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन-तीन जणांचा गट करून आठवड्यातून एकदा एकाने फळ्यावर एक भाग समजावून सांगावा आणि उरलेल्यांनी फक्त ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. डाव्या पानावर साचलेले प्रश्न महिन्याअखेर प्राध्यापकांकडे घेऊन जा. फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्था लोकांसाठी दारे उघडतात, तेव्हा एखादा दिवस तिथे अवश्य घालवावा. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्याच लागतात, पण त्या धडा समजल्यावर, आधी नव्हे.

घरचे पाणी प्रयोगशाळेत न्या

वर्षभरात एक तरी प्रयोग स्वतःच्या प्रश्नासाठी करावा, आणि त्यासाठी पाण्यासारखा विषय नाही. आधी घरी चुन्याची निवळी बनवा: खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरचे नितळ पाणी हलकेच ओतून घेऊन त्यात तेवढेच साधे पाणी मिसळा. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्या. नळीने त्यात फुंकत राहिलात, आत न ओढता, तर उच्छ्‌वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. बहुतेक जण इथे थांबतात. तुम्ही बरीच मिनिटे फुंकत राहा. द्रावण पुन्हा निवळू लागते, कारण कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. ते निवळलेले पाणी उकळले की परत गढूळ होते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर का बसतो, याचे उत्तर या तीन पायऱ्यांत आहे.

मग तेच बोअरचे किंवा गावच्या विहिरीचे पाणी स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्या आणि परवानगी घेऊन त्याचे काठिण्य (पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) ईडीटीएने, म्हणजे या धातूंच्या आयनांना बांधून घेणाऱ्या संयुगाने, मोजा. ५० मिलिलिटर नमुना, सामू (पीएच) १० ठेवणारे अमोनियाचे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घेतला की द्रावण मद्यासारखे लाल होते, आणि ०.०१ मोलर ईडीटीए पुरेसे पडले की निळे. या तीव्रतेच्या एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट जुळते, म्हणून वाचनाला २० ने गुणले की दर लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. १५ मिलिलिटर लागले तर काठिण्य ३०० झाले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, तेव्हा तुमचे पाणी कुठे बसते हे लगेच कळते. तोच नमुना उकळून, गार करून आणि गाळून, बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी डिस्टिल्ड वॉटरने भरून काढून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे त्या पाण्याचे तात्पुरते काठिण्य. दोन्ही वाचने नमुन्याच्या जागेसह आणि तारखेसह जर्नलात लिहून ठेवा, म्हणजे पावसाळ्यानंतर त्याच विहिरीचे पाणी तपासाल तेव्हा ती ताडून पाहता येतील.